पाहुण्यांच्या खोल्या

लेकीची सहा महिन्यांसाठी जर्मनीतल्या विद्यापीठात निवड झाली आणि ती बातमी बंगळुरात आमच्या बसवनगुडीभर मीच पसरवली. भाजणी, मेतकूट महिनाभर आधीच भाजायला काढलं. वास गेला की शेजारच्या अक्का विचारणार, आणि मग मी सांगणार!

ही निवड दोन्हीकडच्या देवाणघेवाणीच्या करारातली, त्यामुळे तिकडचे विद्यार्थीही इकडे यायचे होते. त्यांच्यासाठी कॉलेजनं मुलींच्या वसतिगृहाचा एक मजला रिकामा करायला घेतला. तिथल्या मुलींना सांगितलं, बाहेर पीजी शोधा. मुली फाटकापाशी धरणं धरून बसल्या, त्यांत आमचीही. मी फणकारले, "तू घरी राहतेस. तुझी खोली गेली का?"

"आई, मी जाणार म्हणून त्यांची जातेय."

"हाती आलेलं घालवशील!"

"सरी," कानडीत 'बरं' म्हणाली आणि पाण्याची बाटली भरून पुन्हा गेली. हट्ट माझ्याकडूनच आलाय, बोलणार कुणाला?

मग जर्मन प्राध्यापकांबरोबर पडद्यावर बैठक झाली. पालकांनाही बोलावलं होतं. मी इरकल नेसून मागे बसले. निवड झालेल्या मुलांनी दोन शब्द बोलायचे, आणि चांगलेच बोलायचे, असं बजावलं होतं. आमची उठली. इंग्रजीत म्हणाली, "आमच्या घरी पाहुणे आले की त्यांना पलंग देतो आणि आम्ही सतरंजी टाकून खाली झोपतो. पण झोपतो त्याच घरात. इथे तुमच्यासाठी माझ्या मैत्रिणींना घराबाहेर काढताहेत." मग मजल्याची सगळी हकीकत सांगितली. प्राचार्यांचा चेहरा पडला. मनात म्हटलं, गेलं हातचं! आणि खरं सांगते, टाळी वाजवावीशी वाटली.

तिकडच्यांनी कळवलं, असल्या खोल्यांत आमची मुलं राहणार नाहीत, यंदाची देवाणघेवाण थांबवतो. मजला मुलींना परत मिळाला. लेकीचं मात्र शेवटचं वर्ष होतं, तिचं जाणं कायमचं राहिलं. तिच्याबरोबर निवडलेल्या मुलांचंही.

त्यांतल्या एकाची आई मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात भेटली. सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "माझ्या मुलाचं नुकसान झालं. तुम्हाला मात्र लेकीचा अभिमान वाटत असेल."

ती चुकीचं बोलत नव्हती. तिच्या मुलाचं नुकसान मला भरून देता येणार नव्हतं, आजही येत नाही. पण खोटं कसं बोलू?

"हो, वाटतो," मी म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.