जमादारांची वरची खोली

घर उभं करायला जमीन लागते ही गवंड्यांनी उठवलेली अफवा आहे, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नशीब असं की मी त्याच्याच घरात भाड्याने राहत होतो. मूर्तिजापूरच्या रेल्वे यार्डात ते शंटिंग जमादार होते. यार्डात विखुरलेले डबे इंजिनाकडून ढकलून घ्यायचे, एकमेकांना जोडायचे आणि गाडी तयार करून द्यायची, हे त्यांचं काम. सगळा गाव त्यांना जमादारच म्हणे. बायकोही जमादारच म्हणे. फक्त रागावली की ‘इष्टेशनमास्तर’ म्हणे, कारण त्या खुर्चीवर ते कधी बसणार नाहीत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी आलो मालवणच्या बाजूने. सहावीत शाळा सुटलेली, ओळख कुणाची नाही, आणि नोकरी जिनिंगमध्ये. दिवसभर नाकातोंडात कापूस जायचा. खोली शोधायला निघालो तर दारोदारी आधी आडनाव विचारत, मग गाव, आणि मग ‘म्हणजे कोण?’ हा तिसरा प्रश्न येई. त्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं तरी खोली मिळत नसे, कारण एवढ्या लांबून आलेला माणूस खरं सांगतो कशावरून? जमादारांनी एकच प्रश्न विचारला, “तुमाले आभाळाची आवड हाये का?” मी भीतभीत हो म्हणालो. नाही म्हणालो असतो तर त्या रात्री कुठे पाठ टेकली असती, याचा विचार अजूनही मी पुरता करत नाही.

आभाळाचं वेड त्यांना रशियाने पहिला उपग्रह सोडला तेव्हा लागलं. पुढे माणूस वर जाऊन सुखरूप परत आला आणि जमादारांची जमिनीवरची आस्था संपली. कुठल्याशा वर्तमानपत्रात त्यांनी वाचलं की पुढेमागे आभाळात एक स्टेशन फिरत राहील आणि त्याला एकेक प्रयोगशाळा नेऊन जोडतील. आता ‘स्टेशन’ आणि ‘जोडणे’ हे दोन शब्द एकाच वाक्यात आले म्हटल्यावर ते काम रेल्वेचं, आणि रेल्वेत ते शंटिंग जमादाराचं, यात त्यांना शंकाच उरली नाही. त्यांना एकच गोष्ट खटके. “स्टेशनच फिरून राहिलं तं गाडीनं थांबाव कुठी?” असं ते मला दर आठवड्याला विचारत, आणि उत्तर माझ्यामुळेच अडलं आहे अशा नजरेने बघत. दुसरी काळजी हुकांची. “रशियाचा डबा अमेरिकेच्या स्टेशनले लागन का? आपल्याच गावात पाहा ना. मोठ्या लाइनचा डबा आपल्या छोट्या लाइनच्या शकुंतलेले लागते का? मंग आभाळाले काय दोष द्यावा?” आता वर खरोखरच स्थानक फिरतं आणि त्याला प्रयोगशाळेची खोली जोडल्याची बातमी येते. लोक कौतुकाने वाचतात. मला ती बातमी केव्हाची शिळी वाटते.

त्या प्रयोगशाळेत कोणते प्रयोग करायचे, हेही जमादारांनी ठरवून ठेवलं होतं. वजनच नसेल तर कापसातून सरकी आपोआप निघेल का, हा पहिला. निघाली तर जिनिंग बंद पडणार, हे ते माझ्याच तोंडावर सांगत आणि वर म्हणत, “घाबरू नका, कोकणे. तुमाले वर लावून घेऊ.” दुसरा प्रयोग तुरीच्या वरणाचा, ते वर शिजतं की नुसतं हिंडतं, हे पाहायचं होतं. तिसरा पाण्याचा. छप्पन सालापासून त्यांच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आणि मी त्या घरात राहतो हे जिनिंगमध्ये कळल्यावर एका सोबत्याने मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, “काबे कोकण्या, पाणीबी तिथलंच पेतं का?” मी म्हटलं, तहान लागली की पितो. त्या दिवसापासून तो माझ्या शेजारी डबा उघडेनासा झाला. घरी आल्यावर मी हे सांगितलं तर जमादार खूश झाले. म्हणाले, “वर ना, पाणी वरतून ओंजळीत ओतताच येत नाई. वर-खाली असं काई नसतेच तिथी. पाण्याचा गोळा होते अन् तरंगते. ज्याले तहान लागली त्यानं तोंड पुढं करायचं. आपल्या गावातले मोठे लोक वर काहून जाणार नाईत, समजलं का आता?”

बोलण्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण एका हिवाळ्यात त्यांनी लिलावातल्या जुन्या फळ्या आणि पत्रे आणून घरामागच्या मोकळ्या जागेत प्रयोगशाळा बांधायला घेतली. घराला लागून बांधावी, तर ते त्यांना मंजूर नव्हतं. “वर काय गवंडी जाणार हाये का? खोली आख्खी तयार करायची अन् नेऊन जोडायची.” जोडायला घराच्या त्या टोकाला दार एकच होतं, ते माझ्या खोलीचं. जमादारीणबाईंनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, “भाऊ, दुसरी खोली पाहून ठेवा. यायले नाद लागला का हे कोणाचे नसतात.” गावात आधीच मला कुणी ठेवून घेत नव्हतं. आता तर जमादारांच्या घरातलं पाणी प्यायलेला म्हणून मी ठाऊक झालो होतो. जिनिंगमधून येताना रोज वाटे की आपली पेटी अंगणात काढून ठेवलेली असणार.

जोडणीचा दिवस चैत्रातला, रविवारचा. खोलीखाली पाइपांचे तुकडे घातलेले, ढकलायला यार्डातले पाचसहा खलाशी, म्हणजे रेल्वेचे मजूर, आणि जमादार स्वतः आत, कारण वर जाणारा माणूस आतच असतो. खिडकी त्यांनी ठेवलीच नव्हती. “वर खिडकी ठेवली तं हवा पळून जाते.” मी माझ्या खोलीत पेटीवर बसून राहिलो होतो. गाडीत जशी उठलं की जागा जाते, तशीच इथेही जाईल अशी माझी समजूत. आतून शिट्टी वाजली, बाहेर “हं, येऊ द्या, येऊ द्या” झालं, आणि प्रयोगशाळा माझ्या दाराला अशी येऊन भिडली की जणू लग्नात व्याही भेटले. खालचे पाइप निसटून खोली बूड टेकून बसली. दाराला दार तंतोतंत लागलं. पलीकडचं दार उघडून जमादार माझ्या खोलीत आले, घामाने निथळलेले, डोळ्यांत पाणी, आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, “कोकणे, पोचलो.”

मग आम्ही दोघांनी बाहेर पडायला दार शोधलं. माझ्या खोलीचं दार प्रयोगशाळेत उघडत होतं आणि प्रयोगशाळेचं माझ्या खोलीत. तिसरं दार नव्हतं.

जमादारांनी दोन्ही दारं एकदा लावून उघडून पाहिली. “वर असंच असते,” ते म्हणाले, “बाहेर जायाचं काम पडत नाई.”

“मामा, आपण मूर्तिजापुरात आहोत,” मी म्हटलं.

बाहेर खलाश्यांना हाक मारली, खोली मागे ओढा म्हणून. कशाने ओढणार? जन्मभर दुसऱ्यांचे डबे ओढून घेणाऱ्या माणसाने स्वतःच्या डब्याला मागे हूकच लावला नव्हता. पत्रे तापले होते. माझ्या खोलीचा हातभर झरोका, तोही गजांचा, आणि दोन माणसांना तेवढीच हवा. जमादार भिंतीला टेकून खाली बसले. त्यांचा श्वास मला ऐकू येऊ लागला. झरोक्याशी जमादारीणबाई पहार घेऊन आल्या. “इष्टेशनमास्तर,” त्या म्हणाल्या, “सब्बल आणली हाये. इकडची भिंत फोडतो. मातीची हाये, आत्ता पडन. तुमची ते लाकडी शाळा तशीच राहीन.”

इकडची भिंत म्हणजे माझ्या खोलीची. ती पाडली की वरचं आढं खाली येणार, हे मला दिसत होतं, त्यांनाही दिसत असणार. भाडेकरूने घरमालकाच्या भिंतीबद्दल काय बोलायचं?

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. “कोकणे, तुमाले गावात दुसरी खोली भेटन का?”

“नाही भेटणार,” मी म्हटलं.

ते प्रयोगशाळेत गेले. आतून फळ्यांवर हात फिरवल्याचा आवाज आला. मग त्यांनीच पलीकडच्या टोकाला तीन ठोके दिले आणि ओरडून सांगितलं, “इथी मारा. जोरानं मारा, पक्कं काम हाये.”

पक्कं काम खरंच होतं. खलाश्यांना खूप वेळ लागला, आणि प्रत्येक फळी निघताना जमादार आतून तिची तारीफ करत होते. भगदाड पुरेसं झालं तेव्हा त्यांनी आधी मला बाहेर काढलं.

त्यानंतर त्यांनी आभाळाबद्दल बोलणं सोडलं असं नाही, पण प्रयोगशाळेचं नाव काढलं नाही. ती फुटकी खोली माझ्या खोलीला तशीच चिकटून राहिली. पुढे माझं लग्न झालं तेव्हा तिथे माझी चूल मांडली गेली. वरण शिजत असलं की जमादार भगदाडाशी येऊन खाकरत. स्वतःच्या घरात शिरायला, “कोकणे, येऊ का तुमच्या घरात?” असं विचारत आणि मी या म्हणेपर्यंत बाहेर उभे राहत. पाणी दिलं की सावकाश पीत आणि भांडं स्वतः विसळून ठेवत. मी नको म्हटलं तरी ऐकत नसत.

मग त्यांची बदली धामणगावला झाली. सामान गाडीवर चढलं, जमादारीणबाई बसल्या, आणि ते परत एकदा मागे आले. भगदाडाच्या कडा हाताने चाचपून म्हणाले, “हिवाळा यायच्या आत इथी फळ्यांचं दार ठोकून घ्या. लेकरूबाळ हाये, थंडी आत येते.”

मी हो म्हणालो. फळ्या काही ठोकल्या नाहीत; वरण शिजलं की कान भगदाडाकडे लागत. त्या वर्षी थंडी फार पडली.