सांगणार, वखारवाले

आमच्या धाकट्या भावजींना सगळी वस्ती 'ऐकाहो' म्हणायची. खरं नाव एकट्या सासूबाईंच्या तोंडी, तेही रागात. सायकलला पुढे भोंगा, मागे बॅटरी, हातात माइक. कुणाचं पोर हरवलं, कुणाचा म्हातारा गेला, उद्या नळाला पाणी नाही, सगळं याच एका तोंडून कळायचं. घरात मात्र मीठ हवं असलं तरी नुसतं ताटाकडे बघत बसायचे. मुलखाचा घुमा माणूस!

एकदा कुणीतरी चेष्टेने त्यांच्याकडून जिवंत शिंप्याच्या मरणाचा पुकारा करवला. शिंप्याने लोखंडी गजाने भावजींना सडकून काढलं. तेव्हापासून त्यांनी नेम धरला, की प्रत्येक पुकाऱ्याच्या शेवटी सांगणाऱ्याचं नाव घ्यायचं. "सांगणार, अमुक." त्याशिवाय माइक बंद होत नसे.

"वहिनी, शब्द दुसऱ्याचा, तोंड माझं," म्हणायचे. "मार ज्याचा त्याला मिळू दे."

बॅटरी पलीकडच्या गल्लीतल्या बॅटरीवाल्याची. तो दुसऱ्या धर्माचा, पण मिसरूड फुटायच्या आधीपासूनचा दोस्त. बॅटरी त्याने वापरायला दिली आणि कधी परत मागितली नाही.

मग निवडणूक आली. लाकडाच्या वखारीचा मालक उभा राहिला. त्याने भावजींना बोलावून पुकारा घोकवून घेतला : 'आपल्या देवाला मानत असाल तर वखारवाल्यांनाच मत द्या. पलीकडच्यांच्या धर्माच्या माणसाला मत म्हणजे आपल्या देवाशी बेइमानी.' वर बजावलं, "शेवटी माझं नाव घ्यायचं नाही. लोकांच्या मनातलं बोलतोयस असं वाटलं पाहिजे."

"अहो भावजी, त्या गल्लीत आपला बॅटरीवाला राहतो!" मी म्हटलं.

"शब्द कुठे माझा आहे? तो समजून घेईल."

समजून घेईल म्हणे! त्याच्याच बॅटरीवर त्याच्याच दारात त्यालाच शिव्या. तो दुकानाच्या उंबऱ्यात वायर सोलत उभा होता. वायर खाली ठेवून त्याने खिशात हात घातला.

वखारवाला थोडक्यात निवडून आला आणि हरलेला कोर्टात गेला. वखारवाल्याच्या वकिलाने भावजींना समजावलं, "धर्माच्या नावावर मत मागणं हे कायद्याने भ्रष्ट आचरण. उमेदवाराच्या संमतीने झालं असेल तर निवडणूकच रद्द. तेव्हा तू म्हणायचं, मी माझ्या मनाने बोललो." वखारवाल्याने वर गाजर दाखवलं. नगरपालिकेचे सगळे पुकारे जन्मभर तुझेच.

मी पोळ्या लाटता लाटता सांगितलं, "खोटं बोलू नका. तुमच्या आवाजावरचा विश्वास गेला तर खाणार काय?" पण ऐकाहो कधी कुणाचं ऐकत नसत.

साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून बोलले, "मी माझ्या मनाने बोललो."

समोरच्या वकिलाने मोबाइल काढला. बॅटरीवाल्याने उंबऱ्यात उभं राहून सगळं टिपून घेतलं होतं. कोर्टभर भावजींचा खणखणीत आवाज घुमला : '...आपल्या देवाशी बेइमानी. सांगणार, वखारवाले.'

जिभेला वळणच ते! आणि मागच्या बाकावरून वखारवाला उठून ओरडला, "गाढवा, नाव घेऊ नकोस म्हणून सांगितलं होतं ना तुला!"

त्याच्या वकिलाने कपाळावर हात मारून घेतला. लोक खो खो हसले. भावजी कुठे बघावं ते न कळून स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले.

निवडणूक रद्द झाली. वखारवाल्याला पुन्हा उभं राहायला बंदी झाली, म्हणून त्याची बायको उभी राहिली आणि दुप्पट मतांनी आली. त्यांचं काय बिघडलं? काही नाही! भावजी मात्र आपल्यांना घरभेदी आणि पलीकडच्यांना विखारी. ज्याचं म्हातारं मेलं तोसुद्धा त्यांना पुकारा सांगेना. भोंग्यावर धूळ बसली.

त्यातच सासूबाई गेल्या. "माझा पुकारा तूच कर," असं त्या नेहमी म्हणायच्या. भावजींनी भोंगा पुसला, सायकल काढली. मी मागून चालत होते.

"ऐका हो ऐका!"

एक खिडकी लागली. मग दुसरी. कोण गेलं, एवढं ऐकायलाही कुणी थांबलं नाही. आवाज ओळखला की कडी. आपल्या गल्लीत तसंच, पलीकडच्या गल्लीत तसंच.

एक दार उघडलं. बॅटरीवाला बाहेर आला. इतक्या महिन्यांनी भावजींचा चेहरा फुलला. "आई गेली रे," ते म्हणाले.

त्याने मागच्या दोन्ही वायरी सोडवल्या आणि बॅटरी उचलली.

"ही माझी आहे," म्हणाला आणि दार लावून घेतलं.

मी त्याला शिव्या घालणार होते. पण कोणत्या तोंडाने घालू?

भावजींनी मेलेला माइक तोंडाशी तसाच धरला होता. बंद दारांकडे बघून, मीठसुद्धा मागता न येणाऱ्या त्या घरातल्या आवाजात त्यांनी पुकारा पुरा केला.

"माझी आई गेली हो. सांगणार, तिचा मुलगा."