न टेकलेला हात

डायलिसिस चालू असताना आई छताकडे बघत निपचित पडून राहायची. एकदा सिंधू सिस्टर तिच्या पायाशी येऊन म्हणाल्या, "काकू, सुईचा हात तसाच राहू द्या. पाय मात्र हलवूया."

"इथं माझं रक्त धुतलं जातंय आणि तुम्हाला कवायत सुचतेय?" आई चिडली.

शेजारच्या खाटेपाशी उभ्या असलेल्या दुसऱ्या सिस्टरही कुरकुरल्या, "यांचं बीपी उतरलं तर धावपळ आपलीच."

"मी आहे ना इथं," सिंधू सिस्टर म्हणाल्या. मग आईजवळ वाकून हळूच बोलल्या, "पूर्वी मीही सगळ्यांना पडून राहा म्हणायचे. पण पडून पडून पायांतलं बळ जाताना पाहिलंय हो."

आईने नाखुशीनेच पाऊल वरखाली केलं. पुढे दर खेपेला ते होऊ लागलं. कुरकुरणाऱ्या सिस्टरही बीपी बघून "चालू द्या" म्हणायला लागल्या.

मग एक दिवस मी व्हीलचेअर आणली, तर आई म्हणाली, "राहू दे. दारापर्यंत चालते."

सिंधू सिस्टर तिच्या बाजूने चालत होत्या. त्यांचा हात आईच्या पाठीमागे होता, पण पाठीला टेकलेला नव्हता. आपल्याही मागे असे किती हात न टेकता चालले असतील, कुणास ठाऊक!

दारात आई माझ्याकडे वळली. "बघितलंस? एकटी आले."

सिस्टरनी हात गुपचूप खिशात घातला. "हो काकू, एकट्याच आलात."