शालूचे पाहुणे आणि न वितळणारा बर्फ

या, अशा जवळ या. उंबऱ्यात उभं राहून बोलायला मी काय परकी आहे का तुमची? किती दिवसांनी तोंड दाखवलंत! आणि आल्या आल्या "काही करू नका हं" म्हणून सुरुवात. नाही करत काही. बसा. नुसतं सांगते.

आमच्या शालूचं लग्न मी जमवलं. कसं जमवलं, ते त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं.

शालू म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. आम्ही तेव्हा सातपूरला राहत होतो, कारखान्यांच्या मागच्या कॉलनीत. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, पुढं टीचभर अंगण आणि घरभर मुंग्या. शालू तिथल्याच बालवाडीत शिकवायची. पगार म्हणाल तर खडू-खाऊतच संपायचा, पण तिचा जीव त्या शेंबड्या पोरांत! आधीचं एक स्थळ त्याच्यावरच फिसकटलं होतं. सगळं ठरत आलं आणि मुलाकडचे म्हणाले, "आता ती बालवाडी पुरे." शालूनं नकार दिला आणि आत्याबाईंनी (म्हणजे माझ्या सासूबाईंनी) आठवडाभर कुणाशी धड बोलणं टाकलं.

त्यामुळं सटाण्याचं स्थळ आलं तेव्हा शालूनं मला मोरीजवळ गाठलं.

"वहिनी, ह्या वेळी मी त्याला स्वतःलाच विचारणार. मोठ्यांच्या देखत नाही. तू काहीही कर, पण मला त्याच्याशी दोन शब्द बोलू दे."

"एवढंच ना? झालं समज!" मी म्हटलं.

झालं कसलं! बघण्याच्या कार्यक्रमात मुलगा आणि मुलगी सोडून सगळे बोलतात. मुलाची आत्या विचारते, मुलीची आई उत्तर देते, मुलगा छताकडं बघतो आणि मुलगी चटईकडं. पण ते पुढचं पुढं. मला आधी पाहुणचाराची काळजी! मे महिना. सटाण्याहून एसटीनं तापत येणार माणसं. त्यांना काय चहा द्यायचा?

"आइस्क्रीम करू," मी जाहीर केलं.

शेजारच्या रझियाभाभींकडं हातानं फिरवायचा पॉट होता. पण फ्रीज आख्ख्या कॉलनीत नव्हता. आदल्या संध्याकाळी करून ठेवलेलं आइस्क्रीम दुसऱ्या दुपारपर्यंत दूध होणार! मी हिरमुसले, तेव्हा हे म्हणाले, "ड्राय आइस आणतो."

हे कारखान्यात फिटर होते. तिथं तो बर्फ लागायचा. पितळेचा बुश (जाडशी नळीच म्हणा) भोकात बसत नसला, की त्या बर्फात ठेवायचा. थंडीनं तो आकसतो, अलगद आत जातो, आणि पुन्हा गरम झाला की फुगून असा बसतो की निघायचं नाव नाही. शनिवारी उरलेला तुकडा सुट्टीत तसाही उडूनच जाणार होता, म्हणून ह्यांनी साहेबांना विचारून तो थर्माकोलच्या खोक्यात घेतला, खोकं पोत्यात गुंडाळलं आणि सायकलच्या कॅरिअरला बांधलं.

तो धूर सोडतो, हे ठाऊक असूनही ह्यांना त्याचं काही वाटलं नाही. रस्त्याला वाटलं!

"ओ फिटर, मागं पेटलंय!"

"पेटलं नाही, बर्फ आहे!" हे ओरडले.

"बर्फाला धूर येतो का? भर उन्हात चढवली काय?" असं म्हणत नाक्यावरच्या चहावाल्यानं भल्या मनानं बादलीभर पाणी पोत्यावर ओतलं. झालं! पाणी लागल्याबरोबर त्या बर्फानं असा पांढराशुभ्र ढग सोडला की सायकलही दिसेना आणि हेही दिसेनात. नुसता आवाज येत होता, "अहो, बर्फ आहे हो, बर्फ!"

घरी आल्यावर ह्यांनी मला खोक्यासमोर बसवून धडे दिले.

"हा पाण्याचा बर्फ नाही. सोड्याच्या बाटलीत फसफसतो ना, तो वायू गोठवलेला आहे. शून्याच्या खाली अठ्ठ्याहत्तर अंश! उघड्या हातानं धरायचा नाही, आगीसारखा भाजतो. तोंडात घालायचा नाही. झाकण घट्ट लावायचं नाही, वायूला वाट पाहिजे. आणि बंद खोलीत ठेवायचा नाही. कळलं?"

"न कळायला काय झालं?" मी म्हटलं. (ह्यातलं तोंडात न घालायचं तेवढं मी पाळलं.)

आत्याबाई मात्र खोक्याखालची फरशी सारखी चाचपून बघत होत्या. "ओल नाही! आरं, ओल नाही तो बर्फ कसला? तुला फसवलं कुणीतरी."

"आई, तो वितळत नाही. सरळ हवा होतो."

"हवा होतो म्हणं! मग काल पगाराचं पण तेच सांगितलंस."

रझियाभाभी डोकावून बघून गेल्या. "वहिनी, ये बरफ है के भूत?" मी म्हटलं, भाभी, काही का असेना, उद्या दुपारपर्यंत टिकलं म्हणजे मिळवलं.

आंब्याचं आइस्क्रीम सुरेख झालं. ते स्टीलच्या उभ्या डब्यात भरलं. ह्यांनी सांगितलं होतं, थोडा बर्फ खाली, वर कागद, मग डबा. मला वाटलं, थोडा का? डब्याच्या खाली, वर, चारी बाजूंनी बर्फ रचला. पाहुण्यांच्या बाबतीत हात आखडता घ्यायचा नाही, असं माझं आपलं असतं. एवढं करून खोक्यात एक तुकडा सुटा उरलाच. दुसऱ्या दिवशी, हे पाहुण्यांना आणायला गेल्यावर म्हटलं, हा सरबताला होईल. पदराच्या घडीत धरला, तरी बोटाला असा चटका बसला की तव्याचा बरा! घाईनं तो हाताशी आलेल्या पिठाच्या डब्यात टाकला. तळाला ओंजळभर पीठ होतं. आणि वरून झाकण दाबून बसवलं. गच्च. मुंग्यांच्या घरात राहिलेल्या बाईचा हात झाकण सैल ठेवूच शकत नाही हो! बरं, रात्रभर अंगणात ठेवलेलं आइस्क्रीमचं खोकं आता मधल्या खोलीत खाटेखाली सरकवलं आणि ऊन नको म्हणून खिडकी लावून घेतली.

दुपारी हे पाहुण्यांना स्टँडवरून घेऊन आले. जयभीम, जयभीम झालं. मुलाचे वडील गुरुजी, शांत माणूस. मुलगा प्रकाश, त्याहून शांत. आणि त्याला आईमागं वाढवलेली बायजाआत्या. शब्द तिचाच चालणार, हे ती चप्पल काढायच्या आतच कळलं. पण उन्हानं ती बिचारी गळून गेली होती.

"मी जराशी पडस," ती म्हणाली. "मंग पोरगीले देखू."

आत्याबाईंनी तिला मधल्या खोलीत नेलं. खाट नको म्हणाली, फरशी गार म्हणून खाटेशेजारी चटईवर आडवी झाली. आत्याबाईंनी प्रेमानं दारही लोटून घेतलं.

इकडं बाहेरच्या खोलीत शालू पाण्याचा तांब्या घेऊन आली. गुरुजींनी घसा साफ केला.

"बस बाळ. नाव काय तुझं?"

शालूनं तोंड उघडलं आणि स्वयंपाकघरात धडाम्!

असा आवाज, की गुरुजी बसल्या जागी उडाले. पिठाच्या डब्याचं झाकण छताला लागून कपबशांवर आपटलं होतं. आणि मी? मी सरबतासाठी तो डबा नेमका तेव्हाच हातात घेतला होता. डोळे उघडले तर समोर सगळं पांढरं. दारात ह्यांचा चेहरा.

"झाकण घट्ट लावलंस?"

"मुंग्या..." मी म्हटलं. तोंडातून पीठ उडालं.

नशीब, झाकण तोंडावर नाही आलं! आज हसते मी, पण तेव्हा डबा तसाच सोडून दिला हातातून. तेवढ्यात ह्यांना काय वाटलं कोण जाणे, एकदम विचारलं, "मोठं खोकं कुठंय?"

"मधल्या खोलीत. खाटेखाली."

"खिडकी?"

"लावलीय. ऊन..."

"आणि आत कोण आहे?"

मी उत्तर द्यायच्या आत आत्याबाईच म्हणाल्या, "त्यांची आत्या निजली की. मी दार लोटलंय, कुणी उठवू नका."

हे धावलेच! दार ढकललं, खिडकी उघडली, बायजाआत्याला उठवून दंडाला धरून सरळ अंगणात आणली. तो वायू हवेपेक्षा जड, खाली फरशीशी साचत जातो, आणि ही बाई बरोब्बर तिथंच पडलेली! डोकं जड झालं होतं तिचं, श्वास भरभर चालला होता. अंगणात बाजेवर बसवली, गुरुजी रुमालानं वारा घालायला लागले. आत्याबाईंचा चेहरा उतरला. शालू तर भिंतीला टेकून उभी. हेही स्थळ गेलं, आणि ह्या वेळी माझ्या पायी गेलं, एवढंच माझ्या डोक्यात.

"आत्या, कसं वाटतंय?" ह्यांनी विचारलं.

तिनं दोन-चार लांब श्वास घेतले. माझ्याकडं बघितलं. पुन्हा बघितलं.

"आते बरं वाटस," ती म्हणाली. "पण ही पांढरी बाई कोन शे?"

"वहिनी आहे मुलीची," गुरुजी हळूच म्हणाले.

"बरं. माले वाटनं, मी मरी गऊ आनि ही माले लेवाले उनी."

मेल्यावर तिला न्यायला आलेली म्हणे मी! गुरुजी हसले. मग आत्याबाई हसल्या, मग ती स्वतः. मी नाही हसले. माझ्या पापण्यांवर पीठ होतं.

ह्यांनी हुकूम सोडला: घरातली दारं-खिडक्या सताड उघडायच्या, खोल्यांतला वायू जाईपर्यंत मोठ्यांनी अंगणातच बसायचं. कातडी हातमोजे चढवून खोकं बाहेर ओढलं, आइस्क्रीमचा डबा काढून स्वयंपाकघरात खिडकीखालच्या ओट्यावर ठेवला, आणि उरलेला बर्फ मागच्या बाजूला सावलीत, पोरांचा हात पोचणार नाही असा उघडा ठेवून दिला. आपलाआपण उडून जाऊ दे म्हणाले.

डबा उपडा केला तर आइस्क्रीम पडेचना. पडलं तेव्हा ओट्याचा टवका उडाला! पिवळाधमक दंडगोल, दगडी. सुरी लावली, सुरी वाकली. बत्ता मारला, बत्ता उसळून आला. शालू रडकुंडीला आलेली, फडक्यानं तो दगड धरून बसली होती.

तेवढ्यात ज्यानं आल्यापासून एक शब्द काढला नव्हता, तो प्रकाश बाह्या सारत आत आला.

"द्या तो बत्ता. मी बघतो."

आणि मी काय करावं? मी मोरीत गेले तोंड धुवायला. तोंड मोरीत, कान ओट्यावर!

ठक. ठक.

"घट्ट धरा."

"धरलंय. ऐका, मला एक विचारायचंय. मी बालवाडी सोडणार नाही."

ठक थांबलं. माझा हात चेहऱ्यावर थांबला. पीठ आणि पाणी एक झाल्यावर काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे, पण मी हलले नाही.

"सटाण्यातही पोरं जन्माला येतात," प्रकाश म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे तिथंही बालवाडी आहे. आमच्या घरामागंच. बाई टिकत नाहीत म्हणून निम्मे दिवस कुलूप असतं."

"घरचे काय म्हणतील?"

"आत्याशी मी बोलतो. पण मीही एक सांगून टाकतो, मला स्वयंपाकातलं काही येत नाही."

"आमच्या वहिनीला येतं, त्याचं काय झालं ते बघताय ना?"

दोघं खळखळून हसली. मला राग यायला हवा होता. पण शालूला असं हसताना ऐकून किती दिवस झाले होते! मी आपली कणकेचा मुखवटा उतरवत बसले. ते आइस्क्रीम काही फुटलं नाही. आपल्या मनानं मऊ व्हायला त्यानं पुष्कळ वेळ घेतला, सटाण्याची गाडी निघून गेली, मग पुढचीही गेली. कुणाला घाई नव्हती. अंगणात बायजाआत्या आत्याबाईंना नामपूरच्या कांदा बाजाराच्या गोष्टी सांगत होती, आणि ओट्याशी दोघं अजून बोलतच होती.

ऊन कलल्यावर शेवटी वाट्या भरल्या. बायजाआत्यानं चमचाभर खाल्लं, शालूकडं बघितलं, प्रकाशकडं बघितलं. त्यानं मान हलवली.

"पोरगी चांगली शे," तिनं सांगून टाकलं. "बालवाडीनं म्हने येड शे तिले. ऱ्हाऊ दे. घरमा बसीसन ह्या बाईसारखा उद्योग करानापेक्षा बरं."

ह्या बाई म्हणजे मी.

पाहुणे गेल्यावर आत्याबाई मागं जाऊन आल्या, कंबरेवर हात ठेवून. "गेला गं तो बर्फ! पाण्याचा थेंबसुद्धा ठेवला नाही मागं." मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सुमे, तू मुद्दाम केलंस ना हे सगळं? पोरांना बोलता यावं म्हणून? मला वाटायचं तू वेंधळी आहेस. केवढं डोकं लावलंस!"

आता सांगा, सासूनं उभ्या जन्मात एकदा शहाणी म्हटलं, तर तिला खोटं कसं पाडायचं? मी मान खाली घालून "हो" म्हटलं. तेव्हापासून आमच्या नात्यात कुणाचं जमत नसलं, की सल्ल्याला मलाच बोलावतात. मी गंभीर चेहरा करून जाते.

निघालात लगेच? बरं, पण पुन्हा एवढे दिवस लावू नका. लवकर या, आणि मुलांनाही आणा. आइस्क्रीम ह्यांनी मला करू द्यायचं बंद केलंय. पण चहा मिळेल, गरम, आणि तो प्यायला कुणाचं लग्न जमायची वाट बघावी लागत नाही!