उरलेली तीन खुरं

आमच्या घरी पावसाळा म्हणजे घोडीच्या सुट्ट्या. लग्नसराई संपली की बाबा तिचे नाल काढून टाकायचे आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत ती अनवाणी राहायची. नवरदेव वाहून दमलेल्या पायांना जरा हवा लागू दे, असं त्यांचं म्हणणं. बाबांनीही थोडी सुट्टी घ्यावी असं आईला वाटायचं, पण तिचं कोण ऐकणार.

त्या वर्षी पाऊस उघडायचं नाव घेईना. जुन्या नागपुरातल्या आमच्या अरुंद गल्लीत घराला लागूनच टिनाचा तबेला, त्याची जमीन खालून पाझरायला लागली. बाबांनी राख टाकली, विटांचा चुरा टाकला, खाली अंथरलेलं तणीस रोज बदललं, तरी दुपारपर्यंत सगळं पुन्हा ओलं. ओल्यात उभं राहून खूर मऊ पडतं, पाण्यात राहिलेल्या साबणासारखं. एका सकाळी घोडी पुढचा उजवा पाय टेकवेना. बाबांनी तो मांडीवर घेतला, रापीने तळवा खरवडला, तर आतून काळं पाणी आलं. त्या वासाने मी तोंड फिरवलं. बाबांनी नाक अजून जवळ नेलं.

डॉक्टरांनी पू काढला. जाताना म्हणाले, आतलं हाड खुरातून सुटायच्या बेतात आहे, नवीन खूर वरून वाढत खाली येईपर्यंत हिला जागची हलू देऊ नका. हलली तर मग कोणाच्याच हातात काही नाही.

मग आमचं घर त्या एका पायाभोवती फिरायला लागलं. मिहानमधल्या ऑफिसातून आले की मी आधी तबेल्यात जायचे. बाबा तुरटीच्या कोमट पाण्यात तिचा पाय बुडवून धरायचे. मग सडलेला भाग रापीने पातळ पातळ कापायचे, कड कानशीने घासायचे, कडुलिंबाच्या तेलाचा बोळा ठेवून वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधायचे. टिनावर पाऊस असा आदळायचा की बोलायचं तर ओरडूनच.

"धर वं नीट, तिले दुखून राहिलं."

"मी नीटच धरून आहे बाबा, तुमचाच हात हलून राहिला."

पोळ्यापर्यंत ती पाय टेकवायला लागली. त्या दिवशी बाबांनी पुरणपोळी मागून घेतली. किती दिवसांनी त्यांना भूक लागली होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. रोगराई घेऊन जा म्हणत लोक ते मोठाले पुतळे वाजतगाजत नेतात आणि जाळून टाकतात. मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडावरून जाते. बाबांनी सकाळीच घोडीच्या कानांत कापूस कोंबला आणि तबेल्याच्या दाराला आतून गाद्या लावल्या. कारण आमची घोडी नाचणारी होती. ती लहान असताना बाबांनीच तिला शिकवलं होतं. रिकाम्या डब्यावर काठीने ताल धरायचा, तिने पाय उचलला की ताल चालू ठेवायचा, आणि ताल थांबल्यावर ती थांबली की गुळाचा खडा द्यायचा. पुढे डब्याच्या जागी वरातीचा ढोल आला. ताल सुरू झाला की नाचायचं आणि ताल थांबला की थांबायचं, एवढंच तिला ठाऊक होतं.

ढोल जवळ आले तेव्हा आधी टिन थरथरलं, मग जमीन. कापसाचा काय उपयोग, तिने ते पायांनी ऐकलं. तिने मान ताठ केली आणि पुढचा पाय उचलला.

बाबा तिच्या गळ्यात पडले. "थांब वं बाई. लग्न नाही कोणाचं. थांब."

वाजणं चालू असताना थांबायचं, हे तिला कोणी कधी शिकवलंच नव्हतं. बाबांना गळ्यात घेऊन ती नाचत राहिली. मी गल्लीच्या तोंडाशी धावले, हात जोडले, ओरडले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. एका काकांनी हसत माझा हात धरला आणि मला नाचायला ओढलं. मला त्या माणसाचा अजून राग येतो. त्याची काहीच चूक नव्हती, म्हणून जास्तच येतो.

मी परत आले तोवर ढोल पुढे गेले होते. घोडी घामाने निथळत उभी होती, आणि मान पुढे करून गूळ मागत होती. तिच्या पायांशी बसलेल्या बाबांना उठवेना. मीच घरातून गूळ आणून तिला दिला.

डॉक्टर दुपारी आले. खूर वरच्या कडेपासून सुटलं होतं. त्यांनी बाबांकडे पाहिलं आणि बाबांनी होकाराची मान हलवली. इंजेक्शन दिल्यावर ती भिंतीला टेकत खाली बसली, मग आडवी झाली. तिचं डोकं मांडीवर घेऊन मी गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने रडले. जनावरच होतं शेवटी, असं शेजारच्या बाई म्हणाल्या. मी त्यांना घरी जायला सांगितलं.

तिला न्यायला गाडी आली. माणसं दोर घेऊन पावसात उभी होती.

"थांबा गा जरासे," बाबा त्यांना म्हणाले आणि रापी, कानस घेऊन तिच्या पायांशी बसले. दुसरा कुठलाही पाय उचलला तर दुखऱ्यावर भार येईल, म्हणून त्या सगळ्या पावसात बाकीचे तीन पाय त्यांनी उचललेच नव्हते. ती खुरं वाढून वेडीवाकडी झाली होती.

"बाबा, आता काहून?" मी विचारलं.

"आता तिले भार नाही पडत," ते म्हणाले आणि डावा पाय मांडीवर घेतला.