पार्सेचा भाचा

पार्सेच्या शेवंतीमावशीने मला भाचा म्हटलं, म्हणून मी आज खाणीच्या फुटबॉल संघात आहे. तिचं नाव आधी घेतो, मग बाकीचं सांगतो.

मी कणकवलीकडचा. सातवीत शाळा सुटली आणि गोव्यात सुर्ल्याला खनिजाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागलो. गोवा नुकतंच राज्य झालं होतं. आमच्या गावात मात्र त्याला अजून परमुलूखच म्हणत. फुटबॉल मी तिथेच शिकलो. कधी सुर्ल्याकडून, कधी कारापूरकडून. जो पाव-भाजी देईल त्याचा मी. पण पाऊस लागला की खाण बंद आणि माझं काम संपलं. खाणीच्या संघात घेतलं तरच नोकरी कायम. त्या संघाला खेळ शिकवणारे मास्तर रविवारी पार्सेला सामना बघायला येणार, हे कळलं आणि माझी भूकच गेली.

आमचा ड्रायव्हर उल्हास पार्सेचा, तिथल्या संघाचा कप्तान. म्हणाला, "चल, आमकां एक गडी कमी आसा."

डिचोली, म्हापसा करत आम्ही शिवोलीच्या धक्क्यावर पोचलो. फेरीबोट मी पहिल्यांदाच बघत होतो. स्कूटरी, मासळीच्या पाट्या, एक बैल आणि आम्ही, सगळे एकाच तरंगत्या अंगणात. नदीच्या मध्यावर मी बैलाचीच दोरी धरून उभा राहिलो.

"पोंवपाक येता (पोहता येतं)?" उल्हासने विचारलं.

"नाय."

"मगे सकयल पळेव नाका (खाली बघू नकोस)."

चोपड्याला उतरून काजूच्या बागांतून चालत गेलो. पिकल्या बोंडांच्या वासानेच डोकं हलकं झालं. शेवंतीमावशी ही उल्हासची आई. तिच्या दारात पोचल्यावर उल्हासने हळूच सांगितलं की संघात बाहेरचा एकच चालतो, तोही गावचा भाचा असला तर. मी तर त्या गावाचा कुणीच नव्हतो.

"आई, हाका तुजो भाचो म्हण," उल्हास म्हणाला.

मावशी चुलीपासून उठलीही नाही. "देवाकडे फट मारूंक नजो (देवापुढे खोटं बोलू नये). आदीं जेव रे तूं."

तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं आणि उकड्या तांदळाचा भात. सामन्याआधी इतकं जेवू नये हे मला ठाऊक होतं, पण मावशी वाढतच होती. मग नारळ घेऊन तिने मला देवळात नेलं. सामन्याआधी तिथे देवाला गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं घालणारा म्हातारा म्हणाला, "देवा म्हाराजा, हो कणकवलीचो झील (मुलगा) आयज शेवंतीच्या घरांत जेवलो. आयजच्यान तो तिचो भाचो. मान्य करून घे."

"व्हय म्हाराजा," सगळा संघ ओरडला. माझ्याच नात्याला मीही होकार दिला.

सामना कापलेल्या भाताच्या मळ्यात होता. समोरच्या संघाचा कप्तान आडवा आला. "ह्या भाच्याची आवय खंयची (आई कुठली)?"

मी मावशीकडे पाहिलं. मावशी मेरेवर (बांधावर) कदेल (खुर्ची) टाकून बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "तुमचो गोलकीपर मल्याळी न्हय रे? तो खंयच्या मावशेचो?"

सगळी मेर हसली. काही न कळता गोलकीपरही हसला. कप्तान म्हणाला, "खेळया तर."

सुरुवातीला पोटातला भात माझ्याआधी धावत होता. मग उल्हासने चेंडू उंच दिला, मी झेपावलो, धसकटात पाय अडकला, आणि पडता पडता डोकं लागून चेंडू गोलात. भीती तिथेच सांडली. त्यानंतर डाव्या बाजूने पळताना वाटत होतं, सारा मळा माझ्यासाठीच उताराला लागलाय. सामना बरोबरीत सुटला. मी मात्र वेड्यासारखा हसत होतो.

मास्तर जवळ आले. "कितें शिकलां?"

"सातवी."

"पांय शाळेंत गेले नाय मूं (नाहीत ना)? मगे सोमारा मैदानार यो."

मावशीने वाटेसाठी उंडे (गोल पाव) बांधून दिले. परतीच्या फेरीबोटीत मी बिनधास्त खाली पाणी बघत उभा होतो.

पावसाआधी गावी गेलो तेव्हा आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुजी मावशी म्हणजे माजी भयण. माका भयण नाय रे. कशी दिसता ती?"

आई अजून गावाची वेस ओलांडायला भिते. पण एक ना एक दिवस तिला शिवोलीच्या धक्क्यावर आणीन, हात धरून पलीकडे नेईन आणि शेवंतीमावशीच्या दारात उभी करून म्हणेन, मावशे, ही तुझी बहीण.