भोंगेरावांची बिनमाइकची घोषणा

भोंगेराव हे काही त्यांचे पाळण्यातले नाव नव्हे. बसस्थानकावरील चालक-वाहकांनी ते त्यांना बहाल केले होते, आणि बहाल करताना त्यांचे मत विचारले नव्हते. चौकशीच्या खिडकीमागे काचेची एक खोली होती. तिथे बसून सुटणाऱ्या आणि पोहोचणाऱ्या गाड्यांची घोषणा करणे हे त्यांचे काम. आवाज असा, की फाटकाबाहेरचा केळीवाला त्यावर दुकान मांडे आणि आवरे. उच्चार स्वच्छ, विरामचिन्हे जागच्या जागी. प्रत्येक घोषणा दोनदा, कारण पहिली लोक नुसती ऐकतात आणि दुसरी समजून घेतात, असे त्यांचे तत्त्व होते. हरवलेली मुले, सापडलेल्या दातांच्या कवळ्या, नादुरुस्त स्वच्छतागृहे, एकदा तर एका वाहकाला झालेली जुळी, हे सारे त्यांनी एकाच भारदस्त आणि निर्विकार स्वरात जाहीर केले होते.

हाच मनुष्य घरी मात्र निम्मे शब्द गिळत असे, विशेषतः देहाविषयीचे. त्यांच्या लेखी बाईच्या शरीरात डोके, हात, पाय आणि पोट एवढेच अवयव होते. उरलेला सारा मुलूख पोटाच्या नावावर. लेकीच्या जन्माच्या वेळी पत्नीला धरून ते प्रसूतिगृहाच्या दारात उभे राहिले आणि तिथल्या आयाने काय होतंय म्हणून विचारले, तेव्हा "घरच्यांच्या पोटात जरा गडबड आहे," असे ते म्हणाले होते. ती गडबड तासाभरात टाहो फोडू लागली.

पत्नीचा स्वभाव नेमका उलट. ती एका रोपवाटिकेत कलमे बांधण्याचे काम करी आणि बोलणेही तसेच, आधी कापायचे, मग बांधायचे. एके संध्याकाळी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली,

"अहो, ऐकताय ना? माझी पाळी जाऊन दोन वर्षं झाली. आता परत अंगावरून जायला लागलंय."

भोंगेरावांनी हातातल्या वर्तमानपत्राची घडी घातली, ती उलगडली आणि पुन्हा घातली.

"उष्णता असेल," ते म्हणाले.

"कसली? अंगावर स्वेटर आहे तुमच्या."

"मग थंडीनं असेल."

कोपऱ्यात वाटाणे सोलत बसलेल्या वन्संनी मान वर केली. वन्सं म्हणजे भोंगेरावांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून त्या याच घरात राहत आणि धाकट्या भावाला सुधारण्याचे काम त्यांनी अद्याप सोडलेले नव्हते.

"अरे, तू बसस्थानकावर नोकरीला आहेस की हवामान खात्यात? तिला डॉक्टरकडे ने मुकाट्यानं."

डॉक्टरकडे नेणे ही पूर्वी सोपी गोष्ट होती. मनुष्य आजारी पडे आणि डॉक्टरकडे जाई. मध्यंतरी जगाची प्रगती झाली आणि दोघांच्या मध्ये विमा कंपनी येऊन बसली. भोंगेरावांना नोकरीमुळे विमा मिळाला होता आणि त्यात पत्नीही होती. विमा उतरवताना कंपनीने दोघांची छायाचित्रे, जन्मतारखा, वजने आणि आईबापांची दुखणी एवढे सगळे विचारून घेतले होते. आजारी पडल्यावर कोणाकडे जायचे, एवढे सांगायचे मात्र तिच्याकडून राहून गेले होते. डॉक्टर कंपनीच्या यादीतलाच हवा आणि पहिल्या भेटीपासून मंजुरी हवी. नाहीतर पुढे काहीही निघाले तरी कंपनीचा संबंध नाही, अशी अट होती. पुढे काय निघेल हे ठाऊक नसल्यामुळेच तर डॉक्टर हवा होता.

पत्नीने स्वतः फोन लावला. भाषेसाठी एक बटण, आजारासाठी दुसरे, आणि त्यानंतर एक धून. त्या धुनेमध्ये दर थोड्या वेळाने एक ध्वनिमुद्रित बाई येऊन सांगे, की आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे. मोलाचा होता म्हणूनच बहुधा तो इतका काढून घेतला जात होता. अखेर जिवंत मुलगी फोनवर आली.

"मॅडम, पॉलिसी सरांच्या नावावर आहे. मंजुरीसाठी सरांशीच बोलावं लागेल."

"अगं पण दुखणं माझ्या नावावर आहे ना?"

"हो मॅडम. पण पॉलिसी सरांच्या."

या उत्तराला सुशिक्षित जगात प्रत्युत्तर नाही. पत्नीने फोन नवऱ्याच्या हातात दिला. भोंगेराव तो घेऊन मागच्या गॅलरीत गेले आणि दार लावून घेतले. बाहेर आले ते गड जिंकून आल्यासारखे.

"झालं काम. परवाची वेळ मिळाली. तज्ज्ञ आहेत, कंपनीच्या यादीतले."

"एवढ्या लवकर?" पत्नीने विचारले.

"बोलायची एक पद्धत असते," भोंगेराव म्हणाले.

ती पद्धत कोणती, हे दोन दिवसांनी उघड झाले. दवाखान्यात बाकावर बहुतेक पुरुषच होते आणि प्रत्येकाचा हात आपापल्या पोटावर. समोरच्या भिंतीवर आतड्याचे एक भलेमोठे चित्र होते. पत्नीने ते चित्र पाहिले, मग नवऱ्याकडे पाहिले. नवरा छताचा पंखा पाहत होता.

आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारले, "आंबट ढेकर किती दिवसांपासून येतायत?"

"ढेकर ह्यांना येतात, डॉक्टर," ती म्हणाली. "मला पाळी गेल्यावर रक्त जातंय."

डॉक्टरांनी समोरचा पडदा वाचून दाखवला: तक्रार, पोटाची. सांगणारे, पती. मग त्यांनी चष्मा काढला. हसू त्यांच्या ओठापर्यंत आले होते, पण ते त्यांनी तिथेच थांबवले.

"ताई, माझा प्रांत जठरापासून खाली आतड्यापर्यंत. तुम्हाला स्त्रीरोगतज्ज्ञ हव्यात. आणि हे अंगावर काढू नका. बहुतेक वेळा साधं निघतं. पण पाळी गेल्यानंतरचं रक्त तपासल्याशिवाय साधं म्हणायचं नसतं."

परतताना भोंगेरावांनी रस्त्यात पत्नीला सरबत विचारले, मग पुन्हा विचारले. दोन्ही वेळा ती समोर बघत चालत राहिली. घरी वन्संनी मात्र कसर भरून काढली.

"बायकोला आतड्याच्या डॉक्टरकडे नेलंस? बरं झालं. पुढच्या खेपेला दातांच्या ने, तोही तोंड उघडायला सांगतो. तेवढं तरी शिकशील."

दुसऱ्या प्रयत्नात भोंगेरावांनी गॅलरीचे दार उघडे ठेवले. ती त्यांची प्रगती होती.

"हॅलो, जरा नाजूक विषय आहे."

"सर, नाजूक असा विभाग आमच्याकडे नाही. हृदय, हाडं, डोळे, कान..."

"बायकांचं... म्हणजे घरच्यांचं..."

"सर, पत्नी कितव्या महिन्यात आहेत?"

"पत्नी पन्नाशीच्या पुढे आहेत!" भोंगेराव ओरडले, आणि खालून जाणाऱ्या दूधवाल्याने वर पाहिले.

एवढ्यावरून त्या मुलीला विभाग उमगला, आणि तिने यादीतली नावे पाठवली. यादी कंपनीने कधी केली होती हे सांगणे कठीण. पण ज्यांनी केली ते निवृत्त झाले असावेत. पहिल्या डॉक्टरीणबाई परदेशी जाऊन स्थायिक झाल्या होत्या. दुसऱ्या स्वतःच बाळंतपणाच्या रजेवर होत्या. तिसऱ्यांच्या दवाखान्यातला माणूस म्हणाला, "कंपनी पैसे देते, पण नातवंडांच्या लग्नात. आम्ही ते काम बंद केलं." आणि मधल्या काळात कंपनीकडून निरोप आला, की आपली पोटाची तक्रार अद्याप खुली असल्यामुळे नवी तक्रार नोंदवता येत नाही. ती बंद करण्यासाठी कार्यालयीन वेळेत फोन येईल आणि तो पॉलिसीधारकानेच घ्यावा. वेळ सांगितली नव्हती. मोठी माणसे वेळ सांगून येत नाहीत.

ज्या दिवशी तो फोन आला, त्या दिवशी सकाळी डबा हातात देताना पत्नी दारात थांबली. रागावलेली नव्हती, आणि त्यामुळे भोंगेराव अधिकच अस्वस्थ झाले.

"एक सांगू? तुम्हाला लाज वाटते, ते मला कळतं. लग्नापासून कळतं. पण मला भीती वाटतेय हो. आईला असंच होत होतं. तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि सांगितलं तेव्हा उशीर झाला होता."

सासूबाई पोटाच्या विकाराने गेल्या, असेच भोंगेराव इतकी वर्षे समजत होते. कोणीतरी त्यांना तसे सांगितले होते. कोणीतरी म्हणजे बहुधा सासऱ्यांनी. स्थानकापर्यंतच्या वाटेवर हाच एक विचार त्यांच्या पायांत घोटाळत राहिला.

फोन आला तो भर गर्दीत. खोलीत नोंदवहीत सही करायला आलेले तीन-चार चालक उभे होते. त्यांच्यात मामा म्हणून ओळखला जाणारा एक जुना चालक होता आणि त्याच्या तोंडाला फाटक नव्हते. भोंगेरावांनी माइकचे बटण बंद केले, बंद झाल्याची खात्री केली, मग फोन घेतला.

"सर, तुमची जुनी तक्रार बंद करते. नवी तक्रार काय आहे?"

भोंगेरावांच्या ओठावर सवयीने 'पो' आला आणि तिथेच अडला. त्यांनी चालकांकडे पाहिले. चालकांनी त्यांच्याकडे. मग त्यांनी खुर्चीत ताठ बसून घसा साफ केला, कारण बोलायची दुसरी कोणतीही रीत त्यांना येत नव्हती, आणि फलाटावर गाडी लागताना लागतो तोच आवाज त्यांनी लावला.

"माझ्या पत्नीची पाळी, दोन वर्षांपूर्वी, बंद झालेली आहे. गेल्या महिन्यापासून त्यांना पुन्हा रक्तस्राव होत आहे. तरी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञ हव्या आहेत. यादीतल्या, हयात, याच देशात असलेल्या, आणि याच आठवड्यात भेटणाऱ्या. कृपया नोंद घ्यावी."

आणि मग, नेहमीच्या सवयीने, त्यांनी सबंध घोषणा पहिल्यापासून पुन्हा केली. माइक बंद होता हे खरे. पण त्या आवाजाला माइक ही केवळ शिष्टाचाराची बाब होती. खिडकीबाहेरच्या रांगेतली माणसे पुढे सरकायची थांबली.

"सर," पलीकडची मुलगी म्हणाली, आणि तिच्या आवाजात पहिल्यांदाच छापील नसलेले काहीतरी होते, "मी पहिल्या वेळीच लिहून घेतलं होतं. थांबा. होल्डवर नाही ठेवत. मीच दवाखान्यात फोन करून विचारते."

तिने विचारले. गुरुवारची वेळ मिळाली, मंजुरीचा क्रमांकही मिळाला. भोंगेरावांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचे कान जळत होते. मामाने सही केली, पेन परत ठेवले, आणि जाता जाता म्हणाला,

"भोंगेराव, वहिनींना घेऊन जायला सुट्टी टाका. आणि आता माझ्या गाडीचंही सांगा की दोनदा. प्रवासी तुमच्याकडं बघत उभे राहिलेत, गाडीत कुणी बसेना."

गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी, "बोला, काय त्रास?" म्हणताच भोंगेराव उभे राहिले. आता त्यांना कोण अडवणार होते?

"माझ्या पत्नीची पाळी, दोन वर्षांपूर्वी..."

"त्यांना बोलता येतं ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग तुम्ही बाहेर बसा."

बाहेर भोंगेराव एकटेच पुरुष होते आणि कोणाचेही त्यांच्याकडे लक्ष नव्हते. लाज वाटण्याची एवढी उत्तम सोय असूनही त्यांना ती वाटली नाही. त्या बंद दाराकडे पाहताना सासूबाईंचा चेहरा आठवू नये म्हणून ते भिंतीवरच्या सूचना वाचत राहिले.

सोनोग्राफी झाली. गर्भाशयात मांसाचा एक लहानसा कोंभ, डॉक्टरी भाषेत पॉलिप, वाढलेला दिसला. तो काढला, संध्याकाळी घरीही सोडले, पण काढलेला कोंभ तपासणीला पाठवला होता आणि त्याचे उत्तर यायला वेळ होता. त्या दिवसांत भोंगेरावांनी एका गाडीची घोषणा एकदाच केली. नोकरीच्या आयुष्यात असे प्रथमच घडले आणि दोन प्रवाशांची गाडी चुकली. दोघांनी लेखी तक्रार केली. ती रास्त होती.

उत्तर आले. कोंभ साधा होता. पत्नीने ते दारातच सांगितले, चपला काढण्याआधी. भोंगेराव "बरं झालं" म्हणाले, आणि नंतर बराच वेळ नळाखाली तोंड धूत राहिले.

संध्याकाळी तिघे पोहे खात बसले असताना वन्सं, कोणाकडेही न पाहता, म्हणाल्या, "त्या डॉक्टरीणबाई बऱ्या वाटल्या का गं?"

"चांगल्या आहेत. का हो वन्सं?"

"काही नाही. मलाही एकदा दाखवायचं होतं. वर्ष झालं असेल."

पत्नीच्या हातातला चमचा थांबला. इतके दिवस याच बाईने भावाच्या लाजेवर तोंडसुख घेतले होते.

"ताई, काय होतंय तुला?" भोंगेरावांनी विचारले.

"ते तुला नाही सांगायची मी. भाऊ आहेस तू."

"नको सांगूस. तिथं सांगशील ना?"

वन्संनी मान हलवली. तिचा अर्थ होकार घ्यावा की नकार, हे त्या मानेलाही ठरवता आले नसावे. भोंगेरावांनी लगेच दवाखान्यात फोन लावला. भावाच्या पॉलिसीत बहीण बसत नाही. त्यामुळे कंपनीला विचारायचा प्रश्न नव्हता, मंजुरी नव्हती, यादी नव्हती, धूनही नव्हती. पहिल्याच फोनला माणूस बोलला आणि वेळ मिळाली. विमा नसण्याचा हा लाभ कंपनीने आपल्या जाहिरातीत कधी छापलेला नाही.

"तक्रार काय आहे त्यांची?" पलीकडून विचारणा झाली.

भोंगेरावांनी फोन बहिणीपुढे धरला. वन्संनी तो दोन बोटांत, तापलेल्या भांड्यासारखा धरला.

"तुम्ही दोघं आत जा आधी," त्या म्हणाल्या. "आणि दार लोटा. पूर्ण लोटा."

दोघे स्वयंपाकघरात गेले. पत्नीने चहाचे आधण ठेवले, भोंगेराव ओट्याला टेकून उभे राहिले. दाराबाहेर प्रथम काहीच ऐकू आले नाही. मग वन्संचा आवाज आला, अडखळत, फार हळू. शब्द कळत नव्हते. पण चहा उकळला, गाळून झाला, निवायला लागला, तरी त्या बोलतच होत्या.